‘औषध’, ‘विष’ आणि अंगात भिनणे : विषाच्या देहप्रवासाच्या मराठी शब्दांची चिकित्सा

सोलापूर जिल्ह्यात सांगोला-मंगळवेढ्याकडील डाळिंबाच्या बागांत किंवा नान्नज-कासेगावकडील द्राक्षमळ्यांत कीटकनाशकाला ‘कीटकनाशक’ म्हणणारा माणूस क्वचितच आढळतो. तेथे ‘औषध’ मारतात, ‘औषधा’चा पंप पाठीला लावतात, वारा फिरला की ‘औषध’ अंगावर येते. याउलट १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जी नियमावली झाली तिच्याप्रमाणे प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोन छापावा लागतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि लाल व पिवळ्या या दोन वर्गांच्या डब्यांवर ‘विष’ हाच शब्द घालणे बंधनकारक आहे. एकाच डब्याला कायदा विष म्हणतो आणि तो वापरणारा औषध म्हणतो. हा केवळ अडाणीपणाचा प्रकार मानून सोडून देण्याजोगा नाही. परका रासायनिक पदार्थ शरीरात शिरतो कोठून, पसरतो कसा आणि बाहेर पडतो केव्हा, यासंबंधी भाषा बोलणाऱ्यांच्या मनात जे चित्र असते ते अशा शब्दांतूनच घडत असते. आणि ते चित्र चुकीचे असेल तर त्याची किंमत पाठीवर पंप घेणाऱ्याला द्यावी लागते. म्हणून या शब्दांची चिकित्सा करणे हे काही निव्वळ भाषाशास्त्राचे काम नव्हे.

मराठीत हे शब्द तीन थरांत सापडतात. बोलीतले ‘चढणे’, ‘भिनणे’, ‘मुरणे’, ‘उतरणे’ हे शब्द एका बाजूला. चरक-सुश्रुतांच्या संहितांतून आलेली विषविचाराची परिभाषा दुसऱ्या बाजूला. आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांसाठी घडविलेले ‘शोषण’, ‘वितरण’, ‘चयापचय’, ‘उत्सर्जन’ हे चार शब्द तिसऱ्या बाजूला. पाठ्यपुस्तकी शब्द शास्त्रशुद्ध, बोलीतले भोळे आणि संहितांतले कालबाह्य, अशी वाटणी सामान्यतः गृहीत धरली जाते. ती तपासून पाहिली असता टिकत नाही.

प्रथम प्रवेशाचा विचार करू. ग्रामीण मराठीत ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा, स्वर थोडा खाली आला की, एकच अर्थ होतो आणि तो आत्मघाताचा असतो. म्हणजे जो पदार्थ फवारताना औषध असतो तो तोंडावाटे गेला की मगच विष होतो. विषाला भाषेने एकच दार दिले आहे, ते तोंडाचे. फवारणारा माणूस त्या दारापुरता सावधही असतो. कपडे मात्र ओले होतात, पंपाचे झाकण गळते, द्रावण पाठीवरून कमरेकडे ओघळते, आणि याला बोलीत ‘विष अंगात गेले’ असे कोणी म्हणत नाही. ‘औषध अंगावर सांडले’ एवढेच म्हणतात. ‘अंगावर’ आणि ‘अंगात’ या दोन विभक्तींच्या मध्ये जी त्वचा आहे तिला ही भाषा भिंत समजते.

त्वचा ही भिंत नाही, हे शरीरशास्त्राने आकड्यांनिशी दाखविले आहे. पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशकाचे माणसाच्या निरनिराळ्या अवयवांवरील त्वचेतून किती प्रमाणात आत जाणे होते याचे मोजमाप मैबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. हाताच्या पुढल्या भागावर लावलेल्या मात्रेपैकी सुमारे ९ टक्के, कपाळावर सुमारे ३६ टक्के, काखेत ६४ टक्के आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सर्वच मात्रा आत गेली. पाठीवरचा पंप गळतो तेव्हा द्रावण कोणत्या दिशेने वाहते हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि ज्या घामाने तळहात-कपाळ पुसले जाते तो घाम, ते ऊन आणि ते ओले धोतर वा पँट ही सर्व या प्रवेशाला साहाय्यच करतात.

१९७६ साली पाकिस्तानातील हिवताप-निर्मूलनाच्या मोहिमेत मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली, निदान ५ जण दगावले. त्यांच्यापैकी कोणी ते प्यायले नव्हते. भुकटी हातांनी कालवणे, भिजलेले कपडे अंगावरच वाळू देणे, हीच मुख्यतः प्रवेशाची द्वारे ठरली. महाराष्ट्राला याचा प्रत्यय २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात आला. कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर त्या हंगामात मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी वाढून डोक्याच्या उंचीला आली होती. फवारा चेहऱ्यावर, छातीवर आणि श्वासातही येत होता. त्या वेळी वृत्तपत्रांतून ‘फवारणीतून विषबाधा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि ‘औषध’ व ‘विष’ हे दोन शब्द मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथमच इतक्या ठळकपणे एकमेकांवर आदळले.

येथे सुश्रुतसंहितेकडे वळणे उद्‍बोधक ठरते, कारण अपेक्षा असते तिच्या नेमके उलट तेथे आढळते. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात राजाला विष देण्याच्या वाटा मोजल्या आहेत. त्यांत अन्न व पेय आहेच, पण त्याखेरीज दातवण, अंगाला लावायचे तेल, उटणे, स्नानाचे पाणी, लेप, फुलांच्या माळा, वस्त्रे, अंथरूण, कवच, अलंकार, पादुका, हत्ती-घोड्यांची पाठ, नाकात घालायचे औषध, धूर आणि अंजन हेही आहे. संहिताकाराला त्वचा, श्वास आणि डोळा ही तीनही द्वारे पूर्णपणे ठाऊक आहेत आणि प्रत्येकाची निराळी लक्षणे तो सांगतो. ही यादी राजवाड्यातील कारस्थानांसाठी केलेली आहे हे खरे. विषारी वस्त्राची काळजी ज्याच्यासाठी वाहिली गेली तो राजा होता. ज्याचे वस्त्र आज रोज विषाने भिजते त्या रोजंदारीच्या माणसाची कल्पना त्या यादीला असणे शक्यच नव्हते. तथापि ज्ञान परंपरेत होते. ते बोलीत का उतरले नाही, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासकारांनी हाती घेण्यासारखा आहे.

‘औषध’ आणि ‘विष’ यांचे नाते मात्र परंपरेने मान्य केलेले आहे, आणि या मुद्द्यावर तिचा आधार वारंवार घेतला जातो. तीक्ष्ण विषही युक्तीने वापरले असता उत्तम औषध होते आणि औषध दुर्युक्त झाले तर विष होते, असे चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. सोळाव्या शतकातील युरोपात पॅरासेल्सस याने मात्रेचा सिद्धान्त मांडला त्याच्याशी याची तुलना करण्याची प्रथाच पडली आहे. तुलना योग्य आहे, पण ती अपुरी आहे. मात्रा आणि युक्ती यांच्यापेक्षा एक तिसरी गोष्ट निर्णायक असते, ती म्हणजे शरीर कोणाचे. डायक्लोफेनॅक हे गुरांच्या आणि माणसांच्या दुखण्यावरील औषध; ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याच अल्प अंशाने गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतड्यांवर-काळजावर युरिक आम्लाचे पांढरे थर बसतात. हे २००४ साली सिद्ध झाले आणि भारताने २००६ साली या द्रव्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गाईच्या अंगात ते औषध होते, गिधाडाच्या अंगात विष. मात्रेचे सूत्र येथे थिटे पडते.

आत शिरलेला पदार्थ पुढे कोठे जातो, याला पाठ्यपुस्तकांत ‘शोषण’ आणि ‘वितरण’ हे शब्द आहेत. दोन्हींविषयी तक्रार करण्यास जागा आहे. ‘शोषण’ म्हटले की शरीर काहीतरी ओढून घेते असे भासते. वस्तुतः बहुतेक परकी द्रव्ये, विशेषतः मेदात विरघळणारी, केवळ दाट बाजूकडून विरळ बाजूकडे आपोआप झिरपत आत येतात, शरीराला त्यात काही करावे लागत नाही. (या शब्दाचा समाजशास्त्रीय अर्थ बागेतल्या मजुराला अधिक लागू पडतो, ही गोष्ट परिभाषा घडविणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.) ‘वितरण’ तर शिधावाटपाच्या दुकानातून आल्यासारखे वाटते, जणू कोणी न्यायाने वाटणी करीत आहे. प्रत्यक्षात रक्ताचा ओघ जेथे मोठा तेथे द्रव्य आधी पोचते, आणि ज्या ऊतींशी त्याचे जुळते तेथे ते मुक्काम करते. बोलीतील ‘भिनणे’ हा शब्द या दृष्टीने कितीतरी सरस आहे. त्यात पसरणेही आहे, कणाकणात शिरणेही आहे, आणि एकदा झाले की परत वेगळे काढणे अवघड, ही जाणीवही आहे. ‘संचय’ या पुस्तकी शब्दाशेजारी ‘मुरणे’ ठेवून पाहावे. लोणच्याच्या बरणीने दिलेला हा शब्द काळाचे भान देतो, जे संचयात नाही.

संहितांनी पसरण्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर याहून सूक्ष्म आहे. विषाचा एक गुण ‘व्यवायी’ असा सांगितला आहे; व्यवायी द्रव्य पचण्याच्या आधीच सर्व देह व्यापते. सर्पविषाचे सात वेग सांगताना सुश्रुत प्रत्येक वेगाचा संबंध एकेका ‘कले’शी, म्हणजे धातूंच्या दरम्यान असलेल्या पडद्याशी, जोडतो. विषाने एक कला ओलांडली की एक वेग झाला. त्या कला शवविच्छेदनात दाखविता येतील अशा नाहीत आणि त्यांचा क्रमही आजच्या शरीररचनेशी जुळत नाही. पण विचारलेला प्रश्न योग्य आहे. विष कोठे आहे यापेक्षा त्याने कोणता पडदा ओलांडला, हा प्रश्न. आजचे विषशास्त्रही मेंदूभोवतीचा रक्तावरोध, वार, आतड्याचे अस्तर यांच्याविषयी हेच विचारते. पाठ्यपुस्तकी मराठीत या प्रश्नासाठी शब्दच नाही, ‘वितरणा’त तो बुडून जातो.

मात्र संहितांचे गुणगान करताना एक मोह टाळावयास हवा, आणि तो ‘दूषीविषा’च्या बाबतीत फार प्रबळ असतो. जे विष शरीरातून संपूर्ण निघून जात नाही, जीर्ण होते किंवा उताऱ्याने मंदावते, ते वीर्य कमी असल्यामुळे लगेच मारीत नाही, कफाने वेढले जाऊन वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि निमित्त मिळताच उठते, असे सुश्रुत सांगतो. यावरून दूषीविष म्हणजेच डीडीटीसारख्या द्रव्यांचा मेदसंचय होय, असे समीकरण मांडलेले वाचावयास मिळते. डीडीटी १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात देशभर घरांच्या भिंतींवर फवारले गेले, १९८९ साली शेतीतून बाद झाले. त्याचे अवशेष माणसाच्या चरबीत अनेक वर्षे टिकतात आणि आईच्या दुधातून बाळाकडे जातात. साम्य दिसते खरे. परंतु सुश्रुताजवळ ‘मेद’ हा शब्द होता, तो एक धातू म्हणून त्याने शेकडो वेळा वापरला आहे, आणि येथे त्याने तो वापरलेला नाही. कफ म्हटले आहे. शिवाय दूषीविष हे क्षीण झालेले विष आहे, तर डीडीटी चरबीत आपले रूप न गमावता बसते. उपासाने वा आजाराने चरबी झडली की ते पुन्हा रक्तात उतरते. सुश्रुताने नोंदविले ते एक वैद्यकीय निरीक्षण होते, की काही विषबाधा ओसरून पुन्हा पुन्हा उठतात. तेवढे श्रेय त्याला पुरेसे आहे. रसायनशास्त्र त्याच्या तोंडी घालण्याने त्याचा गौरव होत नाही.

सुश्रुताचा याहून मोलाचा विचार निराळ्याच जागी आहे. विषाच्या दहा गुणांत तो ‘अपाकी’ हा गुण धरतो आणि म्हणतो की विषाचा पाक होत नाही म्हणूनच ते काढून टाकणे कठीण व चिरकाल क्लेशदायक होते. रूपांतर नाही म्हणून निर्गमन नाही, हे कार्यकारण डीडीटीला तंतोतंत लागू पडते. यकृत ज्याला पाण्यात विरघळण्याजोगे करू शकत नाही ते मूत्रातून जात नाही.

पण येथेच सर्व मराठी शब्द, बोलीतले आणि पुस्तकी दोन्ही, एका मोठ्या खड्ड्यात पडतात. ‘पचवणे’ म्हणजे जिंकणे. ‘निर्विषीकरण’ म्हणजे विष नाहीसे करणे. शरीराने केलेले रूपांतर नेहमी हिताचेच असते, ही समजूत या दोन्ही शब्दांत भरलेली आहे. पॅराथिऑन स्वतः फारसे विषारी नसते. यकृत त्यातील गंधकाच्या जागी प्राणवायू बसवते आणि पॅराऑक्सॉन तयार करते, जे मज्जातंतूंमधील कोलिनेस्टेरेज या विकराला बांधून टाकते. म्हणजे विष शरीरातच रांधले जाते. मॅलॅथिऑनचेही असेच होते, परंतु सस्तन प्राण्यांत दुसरे एक विकर त्याचे आधीच तुकडे करते, म्हणून ते तुलनेने सौम्य. पाकिस्तानातील मालात साठवणीच्या काळात जो आयसोमॅलॅथिऑन तयार झाला होता त्याने नेमके हे रक्षक विकर निकामी केले.

सोलापूरच्या द्राक्षमळ्यांतच याचे आणखी एक उदाहरण दर हंगामात घडण्याजोगे आहे. फळछाटणीनंतर सर्व डोळे एकदम फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. बागाईतदार याला ‘पेस्ट लावणे’ म्हणतात, आणि हे काम बहुधा हातानेच होते. हातमोजे फाटके असले तर ते त्वचेतून आत जाते. शरीरातील कॅटालेज हे विकर त्याचे असे रूपांतर करते की त्यामुळे मद्याच्या पचनातील दुसरी पायरी, ॲसिटाल्डिहाईडचे ॲसिटेट होण्याची, अडून बसते. त्या संध्याकाळी त्या कामगाराने थोडीशी दारू घेतली, तरी चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, श्वास लागतो. घरचे म्हणतात, दारू चढली. दारू चढलेली नसते; दिवसभर हातांवाटे शिरलेल्या एका द्रव्याने ती अर्ध्या वाटेत अडविलेली असते. ‘औषध’, ‘दारू’ आणि ‘चढणे’ या तीन शब्दांनी मिळून खरे कारण झाकून टाकल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

बाहेर पडण्यासाठी बोलीत ‘उतरणे’ हा एकच शब्द आहे. तो मांत्रिकाच्या सर्पविषाच्या कल्पनेतून आला. विष पायाकडून वर चढते आणि मंत्राने खाली उतरते. ऑर्गॅनोफॉस्फरस द्रव्यांच्या बाबतीत या शब्दाने प्रत्यक्ष धोका संभवतो. द्रव्याचे तुकडे मूत्रावाटे काही दिवसांत निघून जातात, हे खरे. पण बांधले गेलेले विकर मोकळे होतेच असे नाही, आणि तांबड्या पेशींतील त्याचे प्रमाण नव्या पेशी तयार होतील त्या गतीने, म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाने, पूर्ववत होते. द्रव्य गेले तरी त्याने केलेले काम मागे राहते. ज्याचे विकर निम्म्यावर आले आहे आणि ज्याला काहीच होत नाही असा मनुष्य पुढच्या आठवड्यात पुन्हा पंप उचलतो, तेव्हा त्याची सुरुवात पहिल्या दिवसाच्या जागेवरून होत नसते. याहून घातक प्रकार श्रीलंकेतील सेनानायके आणि करालियद्दे यांनी १९८७ साली वर्णिला: घाम, लाळ, बाहुल्यांचे आकुंचन ही पहिली लक्षणे ओसरतात, रोगी सावध होतो, नातेवाईक ‘विष उतरले’ म्हणतात, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे व श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रुग्णालयातून घाईने घरी नेलेल्या रोग्याला ‘उतरणे’ हा शब्द महाग पडू शकतो. याच्या तुलनेत ‘अर्धायुष्य’ हा पुस्तकी शब्द, किरणोत्सर्गाच्या शास्त्रातून उसना आणलेला असला तरी, प्रामाणिक आहे. तो संपल्याचा दावा करीत नाही, निम्मे उरले एवढेच सांगतो.

या सर्व प्रवासाचे मोजमाप कोणाच्या शरीरासाठी केले जाते, हेही शब्दांवरून कळते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांच्या खेपा युरोपात अडल्या, तेव्हापासून ‘अंश’, ‘रेसिड्यू’, ‘पीएचआय’ हे शब्द निर्यातदार बागाईतदाराच्या तोंडी पक्के बसले. फवारणी आणि काढणी यांच्या दरम्यान किती दिवस जाऊ द्यावेत, हे त्याला पाठ असते. पेटीवरच्या खुणेवरून फळ कोणत्या प्लॉटमधले हे शोधता येते आणि किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत द्रव्य मोजता येते. हा सारा काळ खाणाऱ्याच्या शरीरासाठी मोजलेला आहे. १९७१ च्या नियमावलीत फवारणीच्या कामावर असणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचेही कलम आहे, पण बागेतील रोजंदारीच्या माणसापर्यंत ते क्वचितच पोचते. आणि फवारणीनंतर बागेत माणसाने पुन्हा पाऊल टाकण्यापूर्वी जो काळ जाऊ द्यावयाचा, त्याला बागाईतदाराच्या नित्याच्या बोलण्यात शब्दच नाही. ‘पुनःप्रवेश कालावधी’ हा कोशातला शब्द उच्चारायलाच जड. ‘बागबंदी’ असा काही साधा शब्द रुळविता येईल. आदल्या संध्याकाळी औषध मारलेल्या मळ्यात सकाळी घडांच्या विरळणीला ज्या बायका जातात त्यांचे हात दिवसभर त्याच पानांत आणि त्याच घडांत असतात.